नाझिफेनं तोंड उघडलं

सिवास शहरातल्या त्या गल्लीत नाझिफेइतकी हसरी बाई दुसरी नव्हती. फक्त सासरे दुरसुन घरात आले की ती गप्प होई. सासऱ्यासमोर सुनेनं ब्र काढायचा नाही, असा त्या घरचा रिवाज. काही सांगायचंच झालं, तर ती सासूच्या कानात कुजबुजायची आणि सासू ते मोठ्यानं सांगायची.

नवरा बेकिर न्हावी. त्याचा डावा डोळा लाल व्हायचा, निवळायचा, पुन्हा लाल व्हायचा. थेंब घालता घालता तो डोळा गेला. आता उजव्यातही धुकं दाटलं होतं. वस्तरा धरताना गिऱ्हाइकाचा गाल नीट दिसेना, तेव्हा सासू घरी राहिली आणि बाकी तिघं मोठ्या दवाखान्यात आले. दुरसुनही आत येऊन खुर्चीवर बसले.

"तोंडात फोड येतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अक्रोड खाल्ले की येतात. कुणाला येत नाहीत?"

"आणि खाली? लघवीच्या जागी?"

बेकिरनं बापाकडे पाहिलं. "छे, छे!"

"चांगल्या घरातला पोरगा आहे," दुरसुन गुरकावले. "भलतंसलतं काय विचारता? थेंब द्या, आम्ही निघतो."

"आजार नुसत्या डोळ्याचा असेल तर थेंब पुरतील. सगळ्या अंगात असेल, तर नाही. खरं काय ते कळायला हवं."

"खोटं बोलतोय तो!"

सगळे वळले. भिंतीपाशी उभी असलेली नाझिफे पुढे आली होती. "खालीही फोड येतात. वरचेवर येतात. कपडे मी धुते, मला ठाऊक नाही होय?"

"सूनबाई!" दुरसुन ताडकन उठले.

"बसा, बाबा! तुमच्या अब्रूपायी एक डोळा गेला. दुसरा मी देणार नाही!"

डॉक्टरबाईंनी बेकिरच्या हाताला नुसती सुई टोचली आणि दोन दिवसांनी बोलावलं. तोवर टोचल्या जागी पुवाची पुटकुळी उठली होती.

"नुसत्या सुईनंही पू झाला, म्हणजे फोड आणि डोळा एकाच आजाराचे. याचंच शरीर याच्यावर उलटलंय," त्या म्हणाल्या. "आजपासून गोळ्या. रक्त तपासत राहायचं. उजवा वाचवायची आशा आहे."

"आणि डावा?" नाझिफेनं विचारलं.

"तो नाही."

बाहेर बाकावर दुरसुन पुटपुटले, "मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

नाझिफेच्या डोळ्यांत अंगार होता. "सांगणार कोण? ज्याला लाज वाटत होती तो, की जिचं तोंड तुम्ही बांधलंत ती?"

उत्तराची वाट न बघता तिनं बेकिरचा दंड धरला आणि ती त्याला औषधांच्या खिडकीकडे घेऊन गेली.