माळावरचे उभे दगड

घोटीच्या पश्चिमेला, आमच्या शेतावरच्या माळावर, पुरुषभर उंचीचे सात काळे दगड ओळीने उभे होते… आणि त्यांच्यापुढे बुटक्या दगडांचं एक रिंगण. घाटाखालून, समुद्राकडून येणारा दमट वारा त्यांच्यावर आपटायचा, करवंदीच्या जाळीतून कडवट हिरवा वास उठायचा, आणि तापलेल्या दगडाला गाल लावला की तो कितीतरी वेळ हुळहुळत राही. माझे वडील — आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो — प्राथमिक शिक्षक. सुट्टीत ते मला सुतळीचं टोक धरून उभं करत आणि वहीत अंतरं टिपत. "आपल्या गावाला नावही नव्हतं, तेव्हाचे आहेत हे," ते म्हणत. "कुणीतरी आपली माणसं इथं पुरलीत, बाळा."

थोरल्या काकांना त्या दगडांचा मनस्वी राग. माळ सपाट करून भाताची खाचरं पाडायची होती, आणि भाऊ अडून बसले होते.

वैशाखातल्या एका दुपारी काकांनी मला हाक मारली, हातावर मीठ लावलेली कैरीची फोड ठेवली.

"तुझा बाप नाशकाला कधी जायचाय गं?"

"मंगळवारी. दगड वाचवायचा अर्ज द्यायला."

"लय हुशार हाय पोरगी!"

मंगळवारी भाऊंची एसटी वळणाआड गेली आणि तासाभरात पोकलेन माळावर चढलं. मी धावत पोहोचले तेव्हा चार दगड आडवे झाले होते. युगानुयुगं ऊन न पाहिलेल्या मातीचा थंड, कुबट वास सुटला होता… एका खड्ड्यात लाल खापरं दिसली.

"काका, नका ना!"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. खापरं पायाने आत लोटली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "दाब माती."

संध्याकाळी भाऊ काकांच्या दारात उभे राहिले. "दादा, मी आज गावात नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

भाऊ मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं… ती वही त्यांनी पुन्हा उघडली नाही. बदली मागून घेतली, आणि आम्ही नाशकात, अंबडजवळ राहायला आलो. सख्ख्या भावाचं तोंड न पाहताच ते गेले.

काका आता अंथरुणाला खिळलेत. परवा चुलतभावाचा फोन आला. "ताई, म्हातारा तुझी आठवण काढतो. माफ कर म्हणतो. येऊन जा एकदा."

मरणाऱ्या माणसाशी वैर धरू नये म्हणतात. पण त्यांना दिवस सांगणाऱ्या त्या आठ वर्षांच्या मुलीलाच मी अजून माफ केलेलं नाही — मग त्यांना कुठून करू?

"मला वेळ नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

वेळ होता. सबंध दुपार रिकामी होती.