घरचंच बियाणं

मोठा मासा विकायचा, उरेल तो बियाण्याला, म्हणजे पिल्लं काढायला, ठेवायचा आणि बाहेरचा मासा आपल्या तलावात घ्यायचा नाही. कोलाडजवळच्या आमच्या हॅचरीचा हा नियम. का, ते विचारायचं नाही! मत्स्यशास्त्राची डिग्री घेऊन मी घरी आले आणि नेमकं तेच विचारलं. तेव्हापासूनचे किस्से खवल्यांसारखे आहेत. कितीही झटका, संध्याकाळी अंगाला चिकटलेलेच.

*

कासूचा एक शेतकरी आमची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घेऊन गेला होता. वर्षाने तणतणत आला.

"रोहू अजून वीतभरच हाय! यंदा असंच झालं तर आम्ही सगळेच बियाणं दुसरीकडून नेणार."

थोरले काका, म्हणजे तात्या, शांतपणे म्हणाले, "तुमचं पाणी हलकं."

आठवड्याभरात अष्टमी गावचा माणूस तीच तक्रार घेऊन आला. त्याचं पाणी जड निघालं!

"तात्या, मग मापाचं पाणी कुठे मिळतं?"

"कॉलेजात शिकवलं नाय?"

*

एकदा जाळं ओढलं, तर निम्म्या माशांच्या पाठीला कुबड. धाकटे अण्णाकाका म्हणाले, "जाळ्यात आपटले असतील."

"इतके सगळे?"

"व्हय. जाळं एकच होतं ना!"

*

आईबापच बारके आणि वाकडे, तर पोरं कशी होणार, असं मी म्हटलं. अण्णाकाकांनी खाद्य दुप्पट केलं. मासे लांबीला राहिले तसेच, घेराला वाढले.

"बघ गो, अंग धरलं!"

"पोट धरलं, काका."

*

शेवटी एक छान वाढलेली मादी मी बियाण्यासाठी मागच्या हौदात लपवली. तात्यांनी ती शोधून पाहुण्यांना वाढली. "एवढा चांगला मासा, बियाण्यात कशाला वाया घालवायचा?"

मी जेवले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

*

यंदा इंजेक्शनचा दिवस आला. सुई टोचली की मादी अंडी सोडते, आणि टोचायचं काम माझं. तात्या नुकतेच पेणहून परतले होते, माझ्या चुलतभावाची सोयरीक मोडून. मुलगी शिकलेली, घर चांगलं, पण देवक एकच निघालं!

"भाऊ-बहीणच की गो ती! चहा अर्धा टाकून उठलो. असं लगीन लावलं तर पुढची पोरं अधू निघतात." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "चल, सुई घे."

मी सिरिंज हौदाच्या कठड्यावर ठेवली.

"तात्या, या हौदातल्या नवरा-नवरीचं देवक कुणी बघितलं? सगळी एका आईची आहेत. बाहेरून नर येईपर्यंत मी एकालाही टोचणार नाही."

तात्यांनी अण्णाकाकांकडे बघितलं. अण्णाकाका हौदात बघत होते.