रुपेरीचा उपास

मुक्ताबाई खर्ड्याकडची. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. तो वारला, आणि पुढच्याच हंगामात बैलगाडीच्या चाकाखाली तिचा पाय सापडला. लंगड्या बाईला कुठला मुकादम नेतोय? काल तिच्या हाताचं कौतुक करणारा आज ओळखही दाखवेना. भावाच्या दारात भाकरीबरोबर टोमणे मिळायचे. तिनं गाठोडं बांधलं आणि केडगावला आप्पासाहेबांच्या बंगल्यावर बागकामाला लागली. मागची पत्र्याची, पावसात गळणारी खोली राहायला मिळाली. आतून कडी लावावी असं दार तिला जन्मात पहिल्यांदा लाभलं.

आप्पासाहेब लष्करातून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, कुठल्याशा परमुलखातल्या समुद्राकाठचं एक झुडूप आणून लावलं होतं. बारीक पानं, चांदीचा मुलामा दिल्यागत, बारा महिने न झडणारी. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना. मुक्ताबाई त्याला रुपेरी म्हणायची. विजयमालाबाई गेल्या. बाकी बाग वाळली तरी चालेल, पण हे जगलं पाहिजे, एवढंच आप्पासाहेबांचं मागणं.

त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीनं तळ दाखवला. मुक्ताबाईचं अर्धं आयुष्य डोईवर हंडे वाहण्यात गेलेलं. पाणी पाजण्याहून मोठी माया तिला ठाऊक नव्हती. ती भांडी राखेनं कोरडीच घासायची, अंगावरून ओलं फडकं फिरवायची आणि स्वतःच्या वाटणीचं पाणी रुपेरीच्या बुडाशी ओतायची.

खडी फोडायला जाणाऱ्या बायका फाटकातून बघायच्या. सगळं रान करपलेलं आणि हे एकच झुडूप चमचमतंय!

“अगं बया, ही तर देवी हाय!” त्यांच्यातली बनुबाई म्हणाली. मग काय! दुसऱ्या दिवशी झुडपाला कुंकू लागलं. येता-जाता प्रत्येक बाई आपल्या मडक्यातलं घोटभर पाणी देवीला घालू लागली.

उन्हाळ्यात रुपेरी पिवळी पडली. पानं झडू लागली. आप्पासाहेब भडकले.

“पाणी घालतेस की बाहेर विकतेस?”

“माझ्या तोंडचं काढून घालते, मालक!” मुक्ताबाईही काही ऐकून घेणारी नव्हती.

“मग मरतंय कसं? हे गेलं तर खोली रिकामी करायची.”

त्या दिवशी तिनं आणखीच पाणी ओतलं. दुसऱ्या सकाळी शेणखत घालावं म्हणून बुडाशी उकरलं, तर सडक्या कांद्याचा वास आला. मुळं काळी, लिबलिबीत.

पाणी जास्त झालं की कांदा जमिनीतच सडतो, हे तिला परकर नेसायच्या वयापासून माहीत. पण कांदा तो कांदा आणि ही मालकिणीची लाडकी! लाडकीचं पाणी तोडायचं हे सुचावं तरी कसं?

“मीच बुडवली की गं तुला,” म्हणत तिनं कपाळावर हात मारला. मग झुडूप अलगद उपसलं, सडकी मुळं कापली, शेंडे छाटले. उंचवट्यावर मुरूम आणि खडी घालून त्यात ते पुन्हा रोवलं. आता खरं अवघड काम उरलं होतं, हात आवरून बसायचं. जन्मभर राबलेल्या बाईला ही शिक्षाच.

बायका आल्या. मुक्ताबाई आडवी आली. “पानी घालू नगा. मुळं कुजलीत.”

“देवीची मुळं कुजत न्हाईत,” बनुबाई खवळली. “तुजी नियत कुजलीय! दुस्काळात पान्याला न्हाई म्हन्ती, जीभ झडंल!”

खऱ्याला गिऱ्हाईक नाही, हे मुक्ताबाईनं ताडलं. “मग ऐक. देवीनं निर्जळी उपास धरलाय, पाऊस पडंस्तवर. मोडायचाय? मोड. घाल, बनुबाई, पयली तूच घाल!”

बनुबाईचं मडकं वाकडं होता होता थांबलं. “आदी सांगायचं न्हाई व्हय, भवाने!” ती पुटपुटली. ते पाणी तिच्याच पोटात गेलं, आणि देवीपेक्षा तिलाच त्याची जास्त गरज होती.

संध्याकाळी आप्पासाहेब स्वतः तांब्या घेऊन आले.

“उपासाच्या गोष्टी त्या बायकांना सांग. सरक.”

ती सरकली नाही. “त्यांना तसं सांगितलं, तुमाला खरं सांगते. मीच पाजून पाजून मारायला निगाले हुते. आज घातलं तर संपलीच.”

“आणि नाही जगली तर?”

“तुमी सांगायच्या आदी खोली सोडंन. पर तिला सवड द्या.”

आप्पासाहेब तांब्या तसाच घेऊन आत गेले.

अर्धं झुडूप वाळलंच. रोज सकाळी मुक्ताबाई मुरमात बोट खुपसून बघायची आणि गप बसायची. गाठोड्याचं फडकं तिनं झटकून ठेवलं होतं. अशात एके दिवशी खालच्या फांदीला कापसासारखे पांढुरके कोंब दिसले. तिनं कुणाला हाक मारली नाही. आप्पासाहेबांनीच ते पाहिले. चष्मा लावून, गुडघ्यांवर हात टेकून ते वाकले आणि तसेच वाकलेले असताना म्हणाले,

“तुझ्या खोलीचा पत्रा गळतो म्हणत होतीस ना?”

“गळायला पाऊस कुटं हाय, मालक?”

“येईल की. त्याआधी बसवून घेऊ.”