चिंचेनं धुतलेला पैसा

माझी बायको गेल्या कार्तिकात गेली. भेटायला आलेले सगळे म्हणाले, अण्णा, आता मागचं सोडा. मी सोडणार नाही. तो वकील मरूनही वीस वर्षं झाली, त्यालासुद्धा मी सोडलेलं नाही. का, ते लिहून ठेवतो. चौथी शिकलोय, चुका असतील त्या असू देत.

आम्ही तांबट. बेंगळुरात पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, दुकान. मोडीचं तांबं वितळवायचं, हंडे-घागरी करायच्या. नवे पैसे सुरू झाले तेव्हा लोक घरातले जुने पैसे डबे भरभरून मोडीत आणून ओतायला लागले. मुशीत टाकण्याआधी मी ते चाळायचो. मला नाद होता तो लवकर बंद पडलेल्या टांकसाळींचा. राजा हरला की भट्टी विझली. दोन-चार वर्षं चाललेल्या टांकसाळीचं नाणं दिसलं की मी बाजूला काढायचो. तिथंही माझ्यासारखाच कुणी हातोडा मारत असणार, आणि एका सकाळी त्याला घरी जा म्हणून सांगितलं असणार.

त्यावरची फारसी अक्षरं मला वाचता यायची नाहीत. ती वाचायचा वकील. आमच्यासारखाच मराठी. बसवनगुडीत बंगला, दर रविवारी व्हरांड्यात नाणी जमवणारे चार-पाच जण कॉफीला. मी पायरीवर.

एकदा मोडीत हत्तीची छाप असलेला जुना पैसा निघाला. आमच्याच किल्ल्यातल्या टांकसाळीचा असावा, असं मला वाटलं. ती थोडीच वर्षं चालली होती. मी निरोप धाडला, वकील बघायला येतो म्हणाला. दिवाळी तोंडावर होती. बायको पूजेची भांडी घासत बसली होती, तिनं पैसाही चिंच-मीठ लावून लख्ख केला. आमच्या घरात तांबं काळं ठेवणं म्हणजे बाईची लाज.

वकिलानं पैसा हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय रे?"

"स्वल्प चिंच लावली, साहेब," ती दारातूनच म्हणाली.

"स्वल्प? अक्का, दोनशे वर्षं टिकलेलं तुम्ही एका घटकेत मारलंत! नाणं कधी धुवायचं नसतं. आता चोळीला बटण म्हणून लावा."

ती आत गेली. वकील जाताना म्हणाला, "काय करू नये ते लोकांना दाखवायला होईल," आणि पैसा खिशात टाकून गेला.

त्या दिवसापासून तिनं चिंच सोडली. भांडी राखेनं घासायची. आमटीत टोमॅटो.

दोन वर्षांनी एका रविवारी वकिलानं परगावच्या पाहुण्यांपुढं मखमलीची पेटी उघडली. "किल्ल्याच्या टांकसाळीचा पैसा. असा दुसरा मी पाहिलेला नाही." मी पायरीवरूनच ओळखला. हत्तीच्या पोटाखाली तिनं घासलेली चमक अजून होती. मी कॉफी संपवली, पेला विसळला आणि घरी आलो.

मग मी माझी टांकसाळ काढली. पोलादाचा ठसा कोरला, त्यावर घोडा आणि कुणालाच लागणार नाहीत अशी अक्षरं. एकच नाणं पाडलं. मागच्या बाजूला आमच्या दुकानाची खूण मारली, तीन टिंबं आणि खाली रेघ. आमच्या प्रत्येक हंड्याच्या तळाला असते तीच. खुणेवर लाख आणि काजळी भरली आणि चार महिने गोठ्याच्या ओलीत पुरून ठेवलं. नाणं धुवायचं नाही हा वकिलाचाच नियम. तो ते धुणार नाही, याची मला खात्री होती.

"येलहंक्याच्या मोडीत आलं," एवढंच मी वकिलाला म्हणालो. बाकी सगळं तोच बोलला. कुणा पाळेगाराची, म्हणजे गढीवाल्या छोट्या राजाची टांकसाळ, एक पावसाळाभर चाललेली, कुठल्या पुस्तकात नसलेली. पुढच्या रविवारी व्हरांडा भरला. नाणं हातोहात फिरत माझ्यापर्यंत आलं. मी ते गरम कॉफीत टाकलं.

"अरे! वेडा झालास?"

लाख सुटली. खिशातून चिंच काढून मी नाणं चोळलं आणि त्याच्यापुढं धरलं. "साहेब, न्हाणीघरातला हंडा मागवा. तळ बघा."

हंडा आमच्याच दुकानचा. एका पाहुण्यानं तो पालथा घातला, नाणं शेजारी धरलं आणि हसत सुटला. "वकीलसाहेब, तुमचं पाणी पाळेगार तापवतो वाटतं!"

सगळे हसले. मी हसलो नाही. "आता सगळ्यांपुढं सांगा. तो हत्तीचा पैसा माझ्या बायकोनं बिघडवला होता?"

"नव्हता," तो खाली बघून म्हणाला.

"मोठ्यानं."

"नव्हता! धुतला तरी चांगलाच होता. घेऊन जा."

मी पैसा घरी आणला, तिच्या तळहातावर ठेवला, सगळं सांगितलं. तिनं तो उलटासुलटा करून बघितला.

"चार लोकांत धरलंत, म्हणून म्हणाला असेल तो," ती म्हणाली. "शिकलेला माणूस. आधी म्हणाला तेच खरं."

मी पुष्कळ समजावलं. सरी सरी, बरं बरं, म्हणायची आणि राखच घ्यायची. जाईपर्यंत घरात चिंच आली नाही.

यंदा मी आणली. रोज सकाळी तिच्या फोटोपुढं बसून तो पैसा चिंचेनं घासतो, वर विटेची भुकटी. अक्षरं निम्मी गेली, हत्तीची सोंड गेली. माझ्यामागं हा कुणा जमवणाऱ्याच्या हाती पडेल, तेव्हा त्याला काही वाचता येता कामा नये.