हॉलमधला बिअरचा नळ

आमच्या बिल्डिंगमधून परदेशी जाऊन आलेला पहिला माणूस म्हणजे माझा नवरा. रबाळ्याच्या ज्या कारखान्यात तो इंजिनियर होता, त्यांनी एक जर्मन मशीन घेतलं आणि ते शिकायला याला दोन-तीन महिने तिकडे पाठवलं. मशीन किती शिकला ते कंपनीला ठाऊक. बिअर मात्र तो फार मन लावून शिकला.

परदेशाहून येणारा माणूस बायकोसाठी काहीतरी आणतो अशी माझी उगीच समजूत होती. याच्या बॅगेतून माझ्यासाठी एक लोकरी शाल निघाली. एप्रिल महिना होता आणि आम्ही वाशीला राहत होतो. पण शालीचा उपयोग झालाच नाही असं म्हणता येणार नाही, कारण तिच्यात एक पितळेचा नळ गुंडाळलेला होता. चांगला हातभर उंच, वर काळी लाकडी मूठ. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं की तुमच्या वाशीत नळ मिळत नाहीत का? याने खरं तेच सांगितलं, की नळ मिळतात, पाणी मिळत नाही. अधिकाऱ्याला दया आली असावी.

त्या वेळची वाशी म्हणजे रस्ते आधी आणि माणसं नंतर असा कारभार होता. खाडीवरच्या वाऱ्याने दारं आपटायची, संध्याकाळी डासांचे ढग यायचे, आणि रेल्वे येणार येणार असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. मी इथल्याच शाळेत शिकवत होते. अशा ठिकाणी माझ्या नवऱ्याला सगळ्यात जास्त उणीव कशाची भासावी, तर पिंपातल्या ताज्या बिअरची. बाटलीतली बिअर म्हणजे त्याच्या मते शिळं अन्न. ती नळातून, ठरावीक गारव्याला, ठरावीक जाडीच्या फेसासकट आली पाहिजे. सरकारने त्याला पिण्याचा परवाना दिला होता, त्यात प्रकृतीसाठी असं कारण होतं. त्याची प्रकृती उत्तम होती. ती तशीच राहावी म्हणून तो काळजी घेत होता.

सहा-सात महिने तो नळ शोकेसमध्ये शाळेच्या बक्षिसांशेजारी उभा होता. तो तिथेच राहता तर बरं झालं असतं. पण आमच्या सेक्टरमधलं एकमेव आइस्क्रीमचं दुकान बंद पडलं. अर्धे फ्लॅट रिकामे, उरलेल्यांच्या पोरांना सर्दी, दुसरं काय होणार? दुकानदाराने सामान विकायला काढलं आणि माझा नवरा आडवा फ्रीझर घेऊन आला. आडवा म्हणजे वरून झाकण उघडायचा, पेटाऱ्यासारखा, ज्यात एक मोठा माणूस पाय पोटाशी घेऊन झोपू शकेल असा. तो दारातून आत जाईना. मग बाल्कनीची जाळी काढली आणि दोरखंडाने वर चढवला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. खाली सगळी बिल्डिंग जमली होती आणि प्रत्येकजण सूचना करत होता. फ्रीझर हॉलमध्ये बसला, सोफा बेडरूममध्ये गेला. त्यानंतर आमच्याकडे आलेले पाहुणे पलंगाच्या कडेला बसत.

यात अडचण काय आहे हे मला नवऱ्याने फळ्यावर शिकवावं तसं समजावून सांगितलं. फ्रीझर सगळं गोठवतो आणि बिअर गोठून चालत नाही. म्हणजे गोठवायच्या यंत्राला न गोठवायला शिकवायचं. मी विचारलं की मग फ्रीजच का नाही घेतला. तो म्हणाला, फ्रीजमध्ये पिंप मावत नाही.

त्याने फ्रीझरचा थर्मोस्टॅट काढला आणि आमच्या चालू फ्रीजचा थर्मोस्टॅट काढून तिथे लावला. तात्पुरता. दुसरा मिळेपर्यंत फ्रीजची वायर थेट जोडून दिली. त्यामुळे आमच्या घरात महिनाभर असं चाललं होतं की फ्रीजमध्ये भेंडी गोठायची आणि फ्रीझरमध्ये काही गोठायचं नाही. दूध मी कढईत फोडून तापवत होते. तो मात्र दर तासाला फ्रीझरचं झाकण उघडून कारखान्यातून आणलेलं थर्मामीटर वाचायचा आणि समाधानाने बंद करायचा. आमच्या मुलीला गोवर आला होता तेव्हा तो इतक्या वेळा उठला नव्हता.

नळ बसवायचा कुठे हा पुढचा प्रश्न. पत्र्याला भोक पाडलं तर आतली गॅसची नळी फुटायची भीती. म्हणून झाकण आणि पेटी यांच्या मधे वीतभर उंचीची लाकडी चौकट बसवायची आणि नळ त्या चौकटीत. त्या सुमारास घरी सुतार येत होता, कारण माझ्या सासूबाई गावचं घर दिराच्या स्वाधीन करून आमच्याकडे कायमच्या राहायला येणार होत्या आणि त्यांनी देवघरासाठी रत्नागिरीहून सागवानाच्या फळ्या पाठवल्या होत्या. जुन्या, रेघ न् रेघ दिसणाऱ्या, सुंदर फळ्या. सुताराने आधी फ्रीझरची चौकट केली. मग उरलेल्या लाकडात देवघर केलं. त्यामुळे देवघर जरा बेताचं झालं. देव एकमेकांना चिकटून बसले. दोन्हींना पॉलिश मात्र एकच, त्यामुळे हॉलमध्ये ती जोडी शोभून दिसत होती.

जर्मन नळ आणि देशी पिंप यांचं जमेना म्हणून पावणे गावातल्या एका वर्कशॉपमधून जोड कातून आणला. पिंपात दाब भरायला गॅस लागतो, तो सोडावॉटरवाल्याकडून मिळाला. आता राहिली बिअर. नवऱ्याचा कॉलेजातला एक मित्र पनवेलच्या पुढे एका बिअरच्या कारखान्यात होता. त्याने एक पिंप जीपमधून, घोंगडीत गुंडाळून आणून दिलं. दोघांनी ते इतक्या हळुवारपणे जिन्याने वर आणलं की खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्या वहिनी संध्याकाळी मला विचारायला आल्या, सासूबाई आल्या का, आणि त्यांना बरं नाही का.

उद्घाटन रविवारी दुपारी ठरलं. सासूबाई बुधवारी येणार होत्या, म्हणजे मधे पिंप संपवायला वेळ होता, असा हिशेब. नवऱ्याने त्याच्या साहेबांना सपत्नीक बोलावलं, खालचे बँकवाले आले, पिंपवाला मित्र होताच. मी बटाटेवडे आणि चकल्या केल्या होत्या. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने पिंपातल्या बिअरवर छोटंसं भाषण केलं, ग्लास तिरका धरला आणि मूठ ओढली.

फेस आला.

त्याने सांगितलं की पहिला ग्लास असाच येतो. दुसरा ग्लासही पहिल्यासारखाच आला. तिसऱ्याला नुसता फेस आला नाही, सोबत फुसफुस असा आवाजही आला. मग त्याने गॅस कमी केला, तर काहीच येईना. वाढवला, तर साहेबांच्या पँटवर आलं. प्रत्येकाच्या हातात पांढऱ्या फेसाने काठोकाठ भरलेला ग्लास होता आणि तळाशी बोटभर बिअर. नवरा म्हणाला की जर्मनीत फेसावरूनच दर्जा ओळखतात. साहेब सभ्य होते. त्यांनी वड्याच्या बशीतला चमचा घेतला आणि थोडा फेस खाल्ला. त्यांच्या बायकोने मला लिंबू सरबत आहे का असं हळूच विचारलं.

आणि बेल वाजली. दारात सासूबाई. गावचे कोणीतरी जीप घेऊन मुंबईला येत होते, त्यांनी सोबत आणलं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फणसपोळीचा डबा.

बँकवाल्यांनी ग्लास पाठीमागे लपवला, त्यातला फेस त्यांच्या कोपरावरून खाली यायला लागला. सासूबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं, मग फ्रीझरकडे. लाकूड त्यांनी ओळखलं हे मला दिसलं. नवरा पुढे होऊन म्हणाला, "आई, हे थंड पाण्याचं यंत्र आहे."

त्या जवळ गेल्या. चौकटीवरून हात फिरवला, नळाखालच्या थाळीतला फेस वाकून पाहिला आणि वास घेतला.

"आपल्या बागेत भंडारी माडीसाठी माडाला मडकं लावायचा, तसलंच हे," त्या म्हणाल्या. "फक्त माडाला वीज लागत नव्हती."

एवढं बोलून त्या हातपाय धुवायला गेल्या. पाणी नव्हतं. मी बादलीतलं काढून दिलं.

त्यानंतर त्या रागावल्या, रडल्या, परत गेल्या, असं काही झालं नाही. झालं असतं तर नवऱ्याला सोपं गेलं असतं. त्या रोज पहाटे देवघरासमोर बसायच्या आणि पूजा आटोपली की तेच फडकं घेऊन फ्रीझरची चौकटही पुसायच्या. त्यांच्या यजमानांनी म्हणे त्या फळ्यांचं झाड स्वतः उभं राहून कापून घेतलं होतं, हे मला खूप नंतर कळलं. नवऱ्याला आधीपासून माहीत होतं. तो त्या दिवसांत पेपर तोंडासमोर धरून बसायचा.

फेसाचं कारणही सापडलं: पिंप थंड, पण नळाकडे जाणारी रबरी नळी वरच्या उबेत. त्याने ती गुंडाळून खाली ठेवली आणि आठवड्याभरात खरोखर चांगली, सोनेरी बिअर यायला लागली. तोवर ती प्यायला कोणी उरलं नव्हतं. साहेबांना रविवारी कामं निघत. बँकवाल्यांना वहिनींनी मनाई केली. एकटा माणूस एवढं पिंप किती दिवस पुरवून पिणार? मधेच एकदा दोन दिवस लाईट गेली आणि बिअर आंबली. नवरा ती तरीही तत्त्व म्हणून काही दिवस प्यायला. मग मोरीत ओतली. त्यानंतर दोन दिवस आमच्या मोरीत डास नव्हते.

दुसरं पिंप आलंच नाही. तो मित्र जास्त पगारावर कुवेतला गेला, जिथे बिअरवर बंदी आहे. फ्रीझर हॉलमध्ये मुकाट उभा राहिला. मी त्याच्यावर भरतकामाचं कापड घातलं आणि वर टीव्ही ठेवला.

चैत्रात सासूबाईंनी हळदीकुंकू करायचं ठरवलं. नव्या गावात ओळखी व्हाव्यात ही इच्छा. बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या सगळ्या बायकांना आमंत्रणं गेली. एवढं पन्हं थंड करायचं कशात, असा प्रश्न मी स्वयंपाकघरात काढला. बर्फाची लादी आणावी लागेल, असं मीच म्हणाले. सासूबाई कैऱ्या किसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते बाहेरचं यंत्र थंड पाण्याचं आहे ना?"

नवरा बाहेर पेपर वाचत होता. पेपर खाली आला.

पुढचे दोन दिवस मी त्याला इतकं कामात कधी पाहिलं नव्हतं. पिंप गरम पाण्याने आणि सोड्याने खळखळून धुतलं, वास गेला की नाही हे सासूबाईंनी नाक लावून ठरवलं आणि पुन्हा धुवायला लावलं. नळीत अडकू नये म्हणून पन्हं मलमलच्या फडक्यातून गाळलं. फडकं सासूबाईंनी धरलं, भांडं त्याने. दोघं काय बोलत होती मला ऐकू आलं नाही. मी मुद्दामच स्वयंपाकघरात गेले नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांनी घरात थांबू नये अशी रीत. नवरा थांबला, कारण नळ दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हता. धुतलेला सदरा घालून तो फ्रीझरपाशी उभा राहिला आणि बायका डाळ-खोबरं घेऊन त्याच्यासमोर पेले धरू लागल्या. पन्हं पिवळंधमक, गार, आणि गॅसमुळे जिभेला जरा चुरचुरणारं. फेस बरोबर बोटभर. बँकवाल्या वहिनींनी तीनदा घेतलं आणि घरी जाऊन सासूला घेऊन आल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या, आमच्याशी कधी न बोललेल्या बाईंनी नळ कुठून आणला ते विचारलं. सासूबाईंनी परस्पर सांगितलं, "जर्मनीहून. मुलाने आणला माझ्या." पुढची दोन वर्षं माझ्या नवऱ्याला अख्खा सेक्टर पन्हेवाले भावजी म्हणून ओळखत होता. प्रमोशन झालं तेव्हा एवढ्या लोकांनी अभिनंदन केलं नव्हतं.

बायका गेल्यावर तो कापसाने नळ पुसत होता. मला म्हणाला, "दाब बरोबर होता ना?" मी म्हटलं, होता. माझ्याकडे टोमणा तयार होता, पण तो तसाच राहिला.

तिसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जळाला. दुरुस्तीत अर्थ नव्हता, पण फ्रीझर भंगारात द्यायला नवरा तयार होईना. शेवटी खाडीकडच्या जुन्या गावातून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी तो मागितला, बर्फ आणि मासळी ठेवायला. सागवानी चौकट सुटी करून तिच्या फळ्यांची पायरी सासूबाईंच्या देवघराला खाली जोडली, म्हणून देव जरा मोकळे बसले. नळाच्या भोकात एक समई बरोबर उभी राहायची. पेटी बाल्कनीतून आली तशीच बाल्कनीतून गेली, आणि सोफा हॉलमध्ये आला.

मार्केटात मावशींच्या जागेवर ती पेटी पुढे बरीच वर्षं होती. नवरा दर रविवारी मासळी आणायला जायचा आणि बराच वेळ लावायचा. एकदा मीच गेले, तेव्हा मावशी बर्फ फोडता फोडता म्हणाल्या, "ताई, तुमचा मानूस येतो, झाकन उघडतो, रबर दाबून बगतो, पुन्ना बंद करतो. मासली त्याला दाखवावी लागते. पेटीत असा काय हाय?"

मी म्हटलं, काही नाही, दोन पापलेटं द्या.