फाटकाशी उभा बळीराम

बळीराम स्टील प्लांटमधून रिटायर झाला आणि हळूहळू सगळं विसरायला लागला. त्याला एकटं सोडून त्याच्या बायकोला, अन्नपूर्णाला, वैशाली नगरच्या घरातून पाय बाहेर काढता येईना. घरबसल्या काही करावं म्हणून तिनं बहिणीच्या मुलीकडून, नीतूकडून, मोबाईलवर व्हिडिओ करायला शिकून घेतलं. आधी पाटवडीचा व्हिडिओ करून टाकला. कुणी पाहिला नाही.

"मावशी, कुछ अलग करना पड़ेगा," नीतू म्हणाली. "रोज एकाच जागेवरून एक तुकडा काढ. मग जोड. बोलायचं काहीच नाही."

बळीराम रोज सकाळी जुना खाकी शर्ट घालून, डबा घेऊन फाटकाशी उभा राही. प्लांटमधल्या पाळीला न्यायला कोणी येईल, अशी वाट बघे आणि थकून आत येई. अन्नपूर्णा खिडकीत मोबाईल टेकवून ठेवू लागली. त्याला विचारावं, असं तिच्या मनातही आलं नाही.

तुकडे जोडताना तिनं ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिले. दिवसागणिक गुंड्या खालीवर लागत गेल्या होत्या, शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. समोर राहून तिला हे दिसलं नव्हतं. ती रडली, आणि तरीही व्हिडिओ टाकला.

पहिल्यांदा लोक हळहळले. मग कुणीतरी त्यावर टवाळ गाणं चढवलं, आणि तेच सगळीकडे फिरलं. पोरं फाटकावरून ओरडत जाऊ लागली, "काका, ड्यूटी का टाइम हो गया!"

एका दुपारी कुणी बाहेर मोबाईलवर प्लांटसारखा पाळीचा भोंगा वाजवला. झोपेतला बळीराम धडपडत धावला आणि पायरीवरून कोसळला. खुब्याचं हाड मोडलं.

अन्नपूर्णानं व्हिडिओ काढून टाकला.

"आता काय फायदा, मावशी," नीतू खाली मान घालून म्हणाली. "लोकांनी कधीचा आपापल्या मोबाईलमध्ये उतरवून घेतला."

दवाखान्यात पट्टी बदलायला आलेली मुलगी थबकली. "ये वही ड्यूटी वाले अंकल हैं ना?" तिनं दाराशी दुसरीला बोलावलं. दोघी तोंड दाबून हसल्या.

त्या गेल्यावर बळीरामनं विचारलं, "त्या पोरी कावून हासून राहिल्या वो?"

"तुमाले नाई हासत."

"मंग कोनाले?"

तिनं त्याच्या अंगावरची चादर उगीच सारखी केली. घरी आणल्यावर तो पुन्हा उभा राहिला नाही. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडून राही.