न आलेल्या मुलीचं अनुभवपत्र

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय.

माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ओळखीचे एक काका आले. त्यांच्या मुलीला परदेशात फिजिओथेरपीतच मास्टर्स करायचंय. प्रवेशासाठी सहा महिने पेशंटसोबत काम केल्याचं पत्र लागतं. ते काकांनी टाईप करूनच आणलेलं. मुलगी माझ्या क्लिनिकची पायरीसुद्धा चढलेली नाही.

"शिक्का तेवढा मारा की मॅडम. सगळेच देतात."

मी साफ नाही म्हटलं. काका हलेनात. उलट पँट वर सरकवून म्हणाले, "आलोच हाय तर गुडघा बघा, लई दुखतोय."

"लेकीलाच दाखवा की!"

"छे! तिनं अजून पेशंटला हात कुटं लावलाय?"

किळस आली मला. यांचा गुडघा तेवढा गुडघा. उद्या जे पेशंट तिच्या हाताखाली येतील त्यांचे काय लाकडाचे आहेत?